भोपळ्यातलं पाणी आणि माझा संयम

लहान मुलांसाठी लाल भोपळ्याची कुठलीही पाककृती काढा, पहिली ओळ ठरलेली असते: ‘भोपळा वाफवून मिक्सरमधून फिरवून घ्यावा.’ ही ओळ लिहिणाऱ्यांवर माझा अजूनही राग आहे. पुढचं सगळं, म्हणजे पॅनकेक काय, टिक्क्या काय, जमून जातं. घोडं पेंड खातं ते याच ओळीपाशी.

भोपळा निवडण्यात फार काही नाही. आकाराच्या मानाने जड, टणक सालीचा आणि वाळलेल्या देठाचा घ्यावा. चिरणं जिकिरीचं वाटलं तर मोठाले तुकडे सालीसकट शिजवावेत, मग गर चमच्याने सुटतो. इथवर मला काहीच त्रास झाला नाही.

त्रास पाण्याचा. कच्च्या भोपळ्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वाफवताना ते कमी होत नाही, उलट वाफेचं पाणी फोडींवर साचतं. मिक्सरमधून जे बाहेर येतं त्याला गर म्हणायचं ते केवळ रंगावरून. पॅनकेकच्या पिठात घातलं तर पीठ सैल, म्हणून आणखी पीठ घाला, की पॅनकेक चिवट आणि भोपळा नावापुरता. टिक्की तव्यावर पसरते. नुसतं भरवावं तर आमची कन्या, तेव्हा सव्वा वर्षाची, पाणी हनुवटीवरून वाहू द्यायची, जिभेवर राहिलेला धागा दोन बोटांनी ओढून काढायची आणि मला दाखवायची. तिच्या बाजूने विचार केला तर तक्रार रास्तच होती.

विचारलं की सल्ला एकच: ‘मुलांना नवीन चव आवडायला वेळ लागतो, देत राहा.’ हे खरं आहे. एखादा पदार्थ आठ-दहा वेळा किंवा त्याहून जास्त वेळा समोर आल्यावर मूल तो खायला लागतं, असं दिसतं. पण दर वेळी तोच पाणचट लगदा समोर येत असेल, तर त्याची सवय कुणाला आणि कशाला व्हावी? नकार चवीला नव्हताच, पोताला होता. हे कुणी लिहीत नाही.

सुटका झाली ती भाजण्याने. भोपळ्याचे दोन भाग करून, बिया आणि आतलं जाळं खरवडून, कापलेली बाजू खाली ठेवून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला भाजायचा. सुरी लोण्यासारखी आत जाईपर्यंत, पाऊण तास तरी. पाणी उडतं, गोडी दाट होते, कडा तपकिरी होतात. मग गर चमच्याने काढून स्वच्छ पातळ कापडात, चाळणीवर ठेवायचा. इथे खरी परीक्षा. मूल पायाशी भुणभुण करत असतं आणि गर थेंब थेंब पाणी सोडत असतो. पिळलं तर निम्मा गर कापडातून बाहेर येतो, त्यामुळे तासभर हात न लावणं हेच काम. हे आदल्या रात्री उरकावं, चाळणी झाकून फ्रिजमध्ये ठेवावी. खाली जमलेलं पाणी फेकू नका, गोडसर असतं, भात शिजवताना किंवा कणीक मळताना घाला.

ओव्हन नसेल तर शिजलेला गर जाड बुडाच्या कढईत झाकण न ठेवता मंद आचेवर परतत राहायचा. मधोमध उलथनं ओढून पाहा. रेघ तशीच राहिली आणि तिच्यात पाणी धावलं नाही, की झालं. मला ही खूण घड्याळापेक्षा जास्त भरवशाची वाटते. धाग्यांवर मिक्सर हा उपाय नाही, तो फक्त त्यांचे तुकडे करतो. गर चाळणीवर घासून काढला तर धागे वरच राहतात.

यानंतरचं सगळं सोपं. अर्धी वाटी घट्ट गर, एक अंडं, जवळपास तेवढीच ओट्सची पूड आणि चिमूटभर दालचिनी. छोटे पॅनकेक मंद आचेवर, कारण आतून शिजायला वेळ लागतो. बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या की मूल स्वतः उचलून खातं. टिक्कीत घट्ट शिजवलेली डाळ कुस्करून घालतो, कारण भोपळ्यात लोह फारसं नसतं. साखर घालत नाही, दोन वर्षांपर्यंत वरून साखर नकोच, आणि भाजलेल्या भोपळ्याला तिची गरजही नसते. मिठाचा हातही आखडता.

हो, तूप, लोणी किंवा तेल थोडं तरी हवंच. भोपळ्यातल्या बीटा कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, पण ते शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा भोपळा टाकून द्या. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. बियाही अख्ख्या देऊ नका, घशात अडकतात. भाजून बारीक पूड केली तर चालते.

आमच्याकडे मध्यंतरी भोपळा इतका चालला की मुलीच्या नाकाचा शेंडा आणि तळवे पिवळट दिसायला लागले. आजीने कावीळच ठरवून टाकली. कावीळ असती तर डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा झाला असता, तो स्वच्छ होता. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. भोपळा, गाजर कमी केल्यावर रंग हळूहळू उतरला.

उरलेला गर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो, लागतील तेवढ्या वड्या काढता येतात. पण गोठवलेला गर सुटताना पुन्हा पाणी सोडतो. त्याला परत कढई दाखवायची माझी तयारी नसते, म्हणून त्या वड्या थेट सुपात जातात. सूप तिला अजिबात आवडत नाही. ते आम्ही दोघं पितो.