पाण्याखाली किती वाजले?

पाच दिवसांच्या स्कूबा डाइव्हिंग ट्रिपमधले पहिले दोन दिवस मस्त गेले. कासव दिसलं, बोट लागून मला एकदा उलटी झाली, संपलं. लिहायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल, कारण त्या दिवशी माझी जी काही लाज निघाली ती अजून पचलेली नाहीये.

सकाळची दुसरी डाइव्ह संपवून बोटीवर चढलो, फिन्ससुद्धा काढल्या नव्हत्या, आणि डाइव्हमास्टर, म्हणजे आमचा गाइड, स्लेट-पेन्सिल घेऊन समोर उभा. तो प्रत्येकाला दोनच आकडे विचारायचा, किती खोल आणि किती वेळ. मी मनगट पुढे केलं, त्यावर घड्याळासारखा डाइव्ह कॉम्प्युटर असतो, खोली आणि वेळ मोजणारा. स्क्रीन कोरी.

"बॅटरी गेली," मी म्हटलं.

"ते दिसतंय. तुम्ही किती खोल गेला होतात?"

मी बायकोकडे बघितलं. हिच्या कॉम्प्युटरवर जास्तीत जास्त खोली २१.४ मीटर, आणि वर यायला निघालो तेव्हा ३१ मिनिटं झाली होती. म्हटलं, हेच लिहा ना, आम्ही बरोबरच होतो की. तर ही शांतपणे म्हणते, "बरोबर कुठे? तू त्या कपारीखाली घुसला होतास, मी वरून तुझे बुडबुडे बघत होते."

आता खरं सांगतो. स्क्रीन गेलेली मला खालीच कळली होती. नियम साधा आहे, कॉम्प्युटर गेला की बडीला, म्हणजे आपल्या जोडीदाराला, खूण करायची, सावकाश वर यायचं, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, डाइव्ह संपली. मी काय केलं, तर हिच्याकडे आहे ना एक चालू, असं म्हणून तसाच दहाएक मिनिटं फिरत राहिलो आणि कपारीत शिरलो ते त्याच दहा मिनिटांत. चालू कॉम्प्युटर हिच्या हातावर होता आणि नायट्रोजन माझ्या अंगात मुरत होता, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. (जितकं खोल आणि जितका वेळ, तितका श्वासातला नायट्रोजन अंगात साठतो, आणि फार साठला तर वर येताना त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं.)

डाइव्हमास्टरने स्लेटवर माझ्या नावापुढे रेघ मारली आणि म्हणाला, उद्या याच वेळेपर्यंत पाणी बंद. म्हणजे दुपारची डाइव्ह गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची ती उभ्या कड्याची डाइव्हही गेली, जिच्यासाठी मुळात आलो होतो! मी वाद घातला. बराच घातला. बोटीवरचे बाकीचे लोक समुद्राकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळे दुसऱ्या गाइडबरोबर खाली गेले आणि हा माणूस माझ्यासोबत वर थांबला. आधी वाटलं पहारा द्यायला थांबलाय. मग त्याने बॅगेतून एक पिवळं पडलेलं प्लास्टिकचं कार्ड काढलं, पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा तक्ता, कुठल्या खोलीवर जास्तीत जास्त किती मिनिटं राहायचं ते सांगणारा. कोर्समध्ये मी तो एकदा शिकलो होतो आणि परीक्षा झाल्यावर विसरलो होतो, तुम्हीही विसरला असाल. त्याने बोट ठेवून दाखवलं. २१.४ ची ओळ नसतेच, पुढची धरायची, २२, तिथे ३७ मिनिटं. बायको ३१ वर निघाली, म्हणजे आत. पण मी कपारीत दोनच मीटर आणखी खाली गेलो असेन तर २३.४, ते मोजायचं २५ च्या ओळीत, आणि तिथे २९ मिनिटं. म्हणजे बाहेर. शिवाय हे आकडे दिवसाच्या पहिल्या डाइव्हचे, दुसऱ्या डाइव्हला पहिलीचा उरलेला नायट्रोजन धरून वेळ अजून कमी होते. कॉम्प्युटर दर थोड्या सेकंदांनी खरी खोली बघतो, तुम्ही वर सरकलात तर तेवढी सूट देतो. तक्ता समजतो की सगळा वेळ तुम्ही तळालाच बसून होता. कॉम्प्युटर बंद पडला की हातात तक्ताच उरतो आणि त्याला ते दोन आकडे लागतात, जे माझ्याकडे नव्हते.

या सगळ्याचं मूळ बकऱ्यांत आहे हे मला त्या दिवशी कळलं. हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने बकऱ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून प्रयोग केले आणि १९०८ साली पहिले तक्ते छापले. शरीराचे पाच कप्पे धरले, सगळ्यात चपळ ५ मिनिटांत नायट्रोजनने अर्धा भरणारा, सगळ्यात सुस्त ७५ मिनिटांत. हातावरचा कॉम्प्युटर आजही मुळात तेच करतो, फक्त कप्पे जास्त. हे ऐकून माझा राग बराच उतरला, बकऱ्यांचं आणि माझं काहीतरी नातं जुळलं असावं.

फुटात मोजणाऱ्या जुन्या लोकांची एक युक्तीही त्याने सांगितली, खोली आणि मिनिटं मिळून १२० च्या वर जायचं नाही. ६० फुटांना ६० मिनिटं, ८० ला ४०, ९० ला ३०. अमेरिकन नौदलाच्या जुन्या तक्त्याशी हे तीन आकडे तंतोतंत जुळतात. मी लगेच खूश, म्हटलं मग तक्ता कशाला! तर तो म्हणे, ३० फुटांवर हा नियम निरर्थक आहे, दिवसाच्या दुसऱ्या डाइव्हला चालतच नाही, आणि याच्यावर प्लॅन करायचा नसतो, आकडा चुकीचा वाटला तर डोक्यात घंटा वाजावी एवढ्यासाठी तो असतो.

मग बंदी उठल्यावर त्याने माझ्याशी जो खेळ मांडला तो मला या ट्रिपमध्ये सगळ्यात आवडला आणि सगळ्यात जास्त वैतागही त्याचाच आला. पाण्याखाली मध्येच समोर यायचा, माझा नवी बॅटरी घातलेला कॉम्प्युटर तळहाताने झाकायचा आणि कपाळावर बोट टेकवायचा, सांग. मी बोटांनी दाखवलं, १५ मीटर, २० मिनिटं. हात काढला तर १९.६ आणि १२. पाणी स्वच्छ असलं की वर चमचमणारा पृष्ठभाग जवळ वाटतो आणि आपण उथळ आहोत असं वाटत राहतं. आणि वेळेचं म्हणाल तर काहीच दिसत नसलं की दोन मिनिटांची दहा होतात, मासे आले की उलटं.

हळूहळू खुणा सापडत गेल्या. बायकोच्या नखांचं लाल नेलपॉलिश, शिडीपाशी भडक, थोडं खाली गेलं की मातकट, आणि तळाशी चक्क काळपट राखाडी, सुकलेल्या डागासारखं. त्यावरून मीटर सांगता येत नाहीत पण "अरे, आपण उथळ नाही आहोत" एवढं नक्की कळतं. वेळेसाठी प्रेशर गेज, सिलिंडरमध्ये उरलेल्या हवेचा दाब बारमध्ये दाखवणारा काटा. मी वर मिनिटाला साधारण २० लिटर हवा खातो, २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे ६० लिटर, आणि पाठीवर १२ लिटरचा सिलिंडर, म्हणजे मिनिटाला ५ बार. २५ बार खाली आले की पाच मिनिटं झाली. १० मीटरवर तेच २५ बार साडेसात मिनिटं पुरतात. हे गणित ज्याचं त्याचं वेगळं, आणि मी घाबरलो की माझंही वेगळं. पण दर पाच मिनिटांनी आधी अंदाज, मग काटा, मग स्क्रीन, असं करत राहिलो. अंदाज आणि स्क्रीन फारच लांब गेले की समजायचं, आपलं लक्ष कुठेतरी सुटलंय.

बायकोला हे काहीच करावं लागलं नाही. तिला विचारलं की ती न बघता बोटं दाखवायची आणि एक-दोन मिनिटांच्या आत असायची. कसं, तर म्हणे, "मी उतरताना घड्याळ बघते, वळताना बघते, मधलं कळतंच की." मला नाही कळत. पंधरा वर्षं हेच भांडण आहे आमचं.

शेवटच्या डाइव्हला तळहात आला तेव्हा मी १७ मीटर, ३५ मिनिटं दाखवलं. होतं १६.२ आणि ३३. डाइव्हमास्टरने हात मिळवला, पाण्याखाली, ग्लोव्हजसकट. तो उभा कडा मात्र राहिला तो राहिलाच, आणि लोकांनी त्याचे व्हिडिओ मला आग्रहाने दाखवले.

परतीच्या विमानाआधी, सलग डाइव्ह झाल्यामुळे निदान १८ तास जमिनीवर काढायचे असतात, सगळ्यात कंटाळवाणे १८ तास. खुर्चीत पाय पसरून पडलो होतो तर हिने माझ्या मनगटावर हात ठेवून घड्याळ झाकलं. "सांग, किती वाजले?"

मी नीट विचार करून म्हटलं, सव्वाचार.

सहा वाजायला आले होते.