मिक्सिंग डाव्या हातापासून सुरू होते

मी कीबोर्ड वाजवतो, गाण्याची अरेंजमेंट आणि निर्मिती करतो, आणि पुष्कळदा तेच गाणे शेवटी मिक्सही करतो, म्हणजे सगळ्या आवाजांचा समतोल साधून अंतिम गाणे तयार करतो. पुण्या-मुंबईत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनेकांची आज हीच रीत आहे. चित्रपटसंगीताच्या जुन्या काळात ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे असत. संगीतकार चाल बांधत, सॅबेस्टियन डिसूझा किंवा अनिल मोहिले यांच्यासारखे अरेंजर वाद्यमेळ रचत, वादक ते वाजवत आणि ध्वनिमुद्रक ते टिपून घेत. १९८३ मध्ये कोणता स्वर कधी वाजला याच्या सूचना वाद्य आणि संगणकात पाठवणारे मिडी हे मानक आले आणि पुढे रेकॉर्डिंग घरच्या संगणकावर होऊ लागले, तेव्हापासून ही सगळी कामे हळूहळू एकाच खुर्चीत येऊन बसली. वादन, अरेंजमेंट आणि मिक्सिंग या माझ्या तिन्ही कामांपैकी मला सर्वांत जास्त शिकवले ते मिक्सिंगने, आणि जे शिकवले ते प्रामुख्याने कीबोर्ड कसा वाजवावा याविषयीचे आहे.

एखाद्या अभंगाचे उदाहरण घेतो. त्यात तबला किंवा पखवाज असतो, टाळ असतात, तानपुरा असतो, बहुतेक वेळा बेस गिटार असते आणि या सर्वांच्या मध्यभागी गायकाचा आवाज असतो. डग्ग्याचा घुमारा ढोबळमानाने ६० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि बेस गिटारचा मुख्य जोरही तिथेच असतो. एकट्याने वाजवण्याची सवय असलेल्या कीबोर्डवादकाचा डावा हात आपसूक त्याच जागी जातो, कारण एकट्याने वाजवताना खर्जाशिवाय वादन पोकळ वाटते. मिक्स करताना मात्र डग्ग्याचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून आपण इक्वलायझरने पियानोचा खालचा भाग कापतो, मग पियानो पातळ वाटतो म्हणून त्याचा आवाज वाढवतो, आणि तो वाढवला की गायक मागे जातो. असा तासन्‌तास चालणारा झगडा खरे तर वाजवतानाच टाळता येतो. अभंगात किंवा ठेक्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही गाण्यात मी आता मधल्या सप्तकाच्या खाली डावा हात जवळजवळ नेत नाही, आणि जिथे नेतो तिथे बेस गिटारने काय वाजवायचे हे आधी ठरवून घेतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो, कारण कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. नुसत्या कीबोर्डवर हे खटकत नाही. गायिकेची पट्टी काळी चार असेल, म्हणजे तिचा षड्ज पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर असेल, आणि तानपुरा त्या पट्टीत उत्तम लावलेला असेल, तर त्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो आणि त्याची कंपनसंख्या साधारण ५१९ हर्ट्झ असते. आपण कीबोर्डच्या पॅडवर, म्हणजे मागे धरून ठेवलेल्या लांब सुरावर, धरलेला त्याच जागेचा गंधार मात्र ५२३ हर्ट्झचा असतो. या दोन्हींच्या टकरीतून सेकंदाला सुमारे चार आंदोलने निर्माण होतात आणि ऐकणाऱ्याला कारण न कळताही मागचा पडदा अस्वस्थ वाटतो. गायिकेचे कान तानपुऱ्याकडे असतील तर तिचा सूर बरोबर असूनही पॅडशी जुळत नाही, आणि मग दोष नाहक तिच्यावर येतो. अशा वेळी तिच्या आवाजावर ट्यूनिंगचे सॉफ्टवेअर चालवणे मला अन्यायाचे वाटते. पॅडमधून गंधार काढून केवळ षड्ज आणि पंचम ठेवणे, किंवा सिंथेसायझरमध्ये तेवढा एक स्वर उतरवून घेणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. जिथे पाश्चात्त्य पद्धतीचे कॉर्ड हवेच असतात, तिथे मी तेवढ्या ओळींपुरता तानपुरा थांबवतो.

आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर जी बंदी घातली आणि जी १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही, तिच्यामागेही ठरावीक स्वरांचा आणि मींड न निघण्याचा आक्षेप होता. ती बंदी मला योग्य वाटत नाही, कारण पेटीची साथ किती सुरेल होऊ शकते हे हार्मोनियमवादक गोविंदराव पटवर्धनांनी दाखवून दिले आहे. परंतु तो आक्षेप ज्या ध्वनिशास्त्रावर उभा होता ते कीबोर्डवाल्याने विसरू नये. कीबोर्डवरच्या पिच व्हील या चाकाने मींड काढता येते, तरीही बासरीचा पीस, म्हणजे ओळींमधला वाद्याचा तुकडा, असेल आणि निर्मात्याकडे थोडेही पैसे असतील तर मी बासरीवादकालाच बोलावण्याचा आग्रह धरतो. फुंकरीसोबत स्वराचा पोत बदलतो, आणि व्हील केवळ स्वराची उंची बदलते.

मिक्सिंगला बसण्यापूर्वी मी सर्व मिडी ट्रॅक ऑडिओमध्ये उतरवून घेतो, जेणेकरून मिक्स करताना वादक म्हणून पुन्हा हात घालण्याचा मोह होऊ नये, आणि शक्य असल्यास मध्ये एक-दोन दिवस जाऊ देतो. मिक्स फोनच्या स्पीकरवर तपासणे अनिवार्य आहे, कारण आपले बहुसंख्य श्रोते तिथेच ऐकतात आणि फोनवर डग्ग्याचा मूळ घुमारा जवळजवळ पोहोचतच नाही. थोडे सॅच्युरेशन, म्हणजे ध्वनीत किंचित मुद्दाम आणलेली विकृती, दिले की त्याचे वरचे स्वरांश उठून येतात आणि ठेका समजतो. आवाजाच्या मोठेपणाविषयीही निर्मात्यांशी नेहमी बोलावे लागते. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी सुमारे उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) पातळीवर आणून वाजवते, म्हणजे उणे ८ पर्यंत दाबून मोठे केलेले गाणे तिथे सुमारे ६ डेसिबल खाली उतरते आणि दाबण्यात गेलेला ठेक्याचा जिवंतपणा परत येत नाही.

आता व्यवहाराविषयी. आषाढी आणि गणेशोत्सवापूर्वीच्या महिन्यांत भक्तिगीतांचे काम एकदम येते आणि घाईत सगळे तोंडी ठरते. मी वादन, अरेंजमेंट आणि मिक्सिंग यांचे मानधन वेगवेगळे लिहून देतो, तिन्ही कामे मीच करणार असलो तरीही. एकत्र रक्कम सांगितली की मिक्सिंग फुकट धरले जाते आणि बदलांना अंत राहत नाही. एका निर्मात्याने माझा केवळ ऐकण्यासाठी पाठवलेला कच्चा मिक्स परस्पर प्रसिद्ध केला होता, तेव्हापासून अंतिम रक्कम मिळेपर्यंत मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची मूळ फाइल देत नाही. नव्या मुलांनी हे सुरुवातीपासून पाळावे असे मला कळकळीने वाटते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क बळकट झाला, आणि आयपीआरएस ही संस्था त्यांच्यासाठी ती गोळा करते. अरेंजरचे नाव रॉयल्टी मिळणाऱ्यांत आपोआप येत नाही. संगीतकाराने केवळ चालीचा मुखडा दिला असेल आणि अंतऱ्यापूर्वीचे पीस, कॉर्ड आणि ठेका सारे आपण रचलेले असेल, तर सहसंगीतकार म्हणून नोंद होणार की नाही हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवावे. नंतर हा विषय काढला की संबंध बिघडतात. त्याच कागदावर मी आणखी एक अट घालतो: माझ्याबरोबर तबला, पखवाज, टाळ आणि बासरी वाजवणाऱ्यांची नावे गाण्याच्या माहितीत छापली गेली पाहिजेत. स्ट्रीमिंगच्या काळात कॅसेटच्या वेष्टनासारखी जागा उरलेली नाही, त्यामुळे ही नावे प्रसिद्धीच्या वेळीच वितरकाच्या अर्जात भरली गेली नाहीत तर पुढे कुणी भरत नाही.