आधी मासा आणा, कागद नंतर

चार-पाच वर्षांच्या मुलाला मासा काढ म्हटलं की तो काय काढतो हे तुम्ही पाहिलंच असेल. एक लंबगोल, मागे त्रिकोण, गोल डोळा, हसरं तोंड, झालं! यात मुलांचा काहीच दोष नाही, आपण त्यांना जी रंगवायची पुस्तकं देतो त्यात सगळे मासे असेच असतात, नाहीतर ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे. मुंबईतलं पोर, समुद्र इतका जवळ, घरी बांगडा नेहमीचा, पण तोच बांगडा अख्खा समोर ठेवला तर ओळखता येत नाही. मला हे खरंच लागतं. म्हणून छोट्यांच्या क्लासमध्ये समुद्र शिकवायचा असला की मी सकाळी आधी बाजारात जाते.

आमच्याकडे सगळ्यात चालतं ते ग्योताकू. जपानमध्ये १९व्या शतकात कोळी लोक पकडलेल्या माशाला शाई लावून त्यावर कागद दाबायचे आणि केवढा मासा मिळाला याची नोंद ठेवायचे, त्यातून ही कला आली. करायला सोपं आहे. मासा मीठ लावून धुवायचा म्हणजे बुळबुळीतपणा जातो, टिश्यूने अगदी कोरडा करायचा, पर आणि शेपूट पसरून थर्माकोलवर टाचण्यांनी अडकवायचे (टाचण्या मी लावते, मुलं नाही), मग पोस्टर कलरचा एकदम पातळ हात आणि वर पातळ कागद. मुलांनी बोटांनी डोक्याकडून शेपटीकडे हलकेच चोळायचं. डोळ्याला रंग लावायचा नाही, तो नंतर ब्रशने काढायचा. हा मासा अर्थातच नंतर खायचा नाही, त्यामुळे पोट फुटलेला किंवा दबलेला मिळाला तर मी तोच मागून घेते.

कागद उचलला की खरा धडा सुरू होतो, कारण ठसा खोटं बोलत नाही. बांगड्याच्या शेपटीआधी वर पाच आणि खाली पाच अशी छोटी छोटी परं असतात, ती ठशात उमटतात आणि मुलं स्वतःच मोजायला लागतात. एका मुलीने अंगावरून जाणाऱ्या रेषेवर बोट ठेवून विचारलं, ही कोणी काढली? ती रेष म्हणजे माशाचं पाणी ‘ऐकायचं’ साधन, जवळून कोणी पोहत गेलं की पाण्याची हालचाल त्याला तिथून कळते. हे मी आधी फळ्यावर सांगितलं असतं तर कोणी लक्षही दिलं नसतं. मग पाठ निळी-हिरवी आणि पोट चंदेरी रंगवताना कारण सांगायचं, वरून बघणाऱ्याला पाठ गडद पाण्यात मिसळते आणि खालून बघणाऱ्याला पोट उजेडात. पापलेटचा ठसा घेतला की कळतं त्याला पोटाखालच्या परांची जोडीच नाही! २०२३ मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला, आणि त्याची पिल्लं जाळ्यात जाऊ नयेत ही काळजी त्यामागे होती, हे पण पोरांना सांगते, कारण ठशाशेजारी आपला तळहात ठेवून मासा पिल्लू आहे की मोठा हे ती छान बघतात.

माझा सगळ्यात लाडका मासा मात्र लेप. दोन्ही डोळे एकाच बाजूला. अंड्यातून निघतो तेव्हा तो चारचौघांसारखाच असतो, एकेका बाजूला एकेक डोळा, आणि मग वाढताना एक डोळा सरकत सरकत पलीकडे जातो आणि हा कायमचा वाळूवर आडवा! यासाठी आम्ही पुठ्ठ्याचा लेप कापतो, फट पाडून त्यात सरकणारा डोळा बसवतो, वरची बाजू वाळूच्या रंगाची, खालची पांढरी. पोरं तो डोळा इकडून तिकडे नेत बसतात, कितीही वेळ.

काही घरांत मासा चालत नाही, त्यांचं मन मोडायचं कारण नाही. किनाऱ्यावर समुद्रफेन मिळतो ना, तो म्हणजे म्हाकुळाच्या एका भावंडाचं, कटलफिशचं, आतलं कवच. त्यात बारीक बारीक पोकळ कप्पे असतात, त्यातली हवा-पाणी कमीजास्त करून तो प्राणी हवं तिथे तरंगतो. खिळ्याने त्यावर कोरता येतं, इतका मऊ असतो, आणि शिंपल्यांचे मातीतले ठसे तर आहेतच.

पावसाळा जवळ आला की मी एक चित्र न चुकता करून घेते, ब्लू बॉटलचं, म्हणजे जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या एका समुद्री जीवाचं. जुहूसारख्या किनाऱ्यांवर त्या दिवसांत वाहून येतात, दिसायला निळा चमकदार फुगा, मुलांचा हात जाणारच, आणि त्याचे लांब धागे वाळूवर पडलेले असले तरी डंख मारतात. आम्ही खरी आणत नाही, फोटो बघतो, मग पांढऱ्या क्रेयॉनने फुगा, वरून निळा वॉटरकलर, आणि धाग्यांसाठी लोकरीचा दोरा रंगात बुडवून कागदावर ओढायचा, लांबच लांब, कागद संपेपर्यंत. फुगा लहान पण धागे केवढे लांब, हे हाताला कळतं. तुमच्याकडे लहान मूल असेल आणि पावसात चौपाटीवर जाणार असाल तर आदल्या दिवशी हे एक चित्र घरी नक्की करा, दोरा निळाच घ्या.