दाढ, ठणका आणि डावा हात

दाढ दिवसाही दुखते, पण दिवसा आपण कामात असतो, डबे, ऑफिस, फोन, त्यात ती निभावून जाते. रात्री पाठ टेकली की तिचं खरं सुरू होतं. त्याला कारण आहे, आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढेच्या आतली जी सुजलेली नस असते तिला फुगायला जागाच नसते, चारी बाजूंनी टणक दात, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला कळ. हे शास्त्र मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त उश्या वाढवत होते, एकावर एक दोन, मग मागे तक्क्या, शेवटी जवळजवळ बसूनच झोपायची वेळ आली. नवरा बिचारा एकदाच म्हणाला "अगं दाखवून ये की", त्याच्यावर अशी खेकसले की त्याने कूस बदलली ती सकाळपर्यंत.

यातली गंमत अशी की मी राहते मिरजेत. १८९४ साली इथे वानलेस हॉस्पिटल सुरू झालं, कर्नाटकातून लोक गाड्या भरभरून उपचाराला येतात, आमच्या गल्लीत तर किराणा दुकानांपेक्षा डॉक्टरांच्या पाट्या जास्त दिसतात. शेजारच्या सांगलीत डेंटल कॉलेजं. आणि अशा गावात मी दाढेत लवंग धरून बसलेली.

लवंगेबद्दल वाईट बोलणार नाही. तिच्या तेलात युजेनॉल असतं, ते खरंच थोडा वेळ बधिर करतं, आणि दातांचे डॉक्टरही तेच युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात. म्हणून तर त्यांच्या दवाखान्यात तो ओळखीचा वास येतो (ज्या वासानेच माझ्या पोटात गोळा यायचा). पण लवंगेने कीड थांबत नाही, ती नुसती गप्प करते. हिंग झाला, मीठपाण्याच्या गुळण्या झाल्या, शेजारच्या काकूंनी अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरायला सांगितली होती ते मात्र कुणी करू नका, गोळी पोटात जाऊन काम करते, हिरडीवर ठेवली तर हिरडी भाजते, दाढ दुखायची ती दुखतेच.

आणि सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, "वरची दाढ काढली की चष्मा लागतो". माझी खालची होती, पण हे ऐकून मला उगाच आधार वाटला, बघा, वडीलधारी माणसंसुद्धा नको म्हणतायत! वास्तविक दाताला जाणारी नस आणि डोळ्याने दिसायची नस या दोन वेगळ्या नसा आहेत, एकीचा दुसरीशी संबंध नाही. मुळात दात काढायची वेळ येते चाळिशी-पन्नाशीत आणि चष्माही तेव्हाच लागतो, मग बिल फाडलं जातं दाताच्या नावावर.

भीती कुठून आली ते मला पक्कं माहितीय. चौथी-पाचवीत असेन. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, गुपचूप येते, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं ही पण दुधाचीच, किडली तर किडू दे, पडेल आपोआप. माझी अशीच किडली. गाल फुगून लिंबाएवढा झाल्यावर मला तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, थोडं थांबले, चिमटा घातला आणि मी किंचाळले. ते म्हणाले, "भूल दिलीय, दुखूच शकत नाही, नाटकं करू नकोस." मग कंपाउंडरने एक हात धरला, काकांनी दुसरा. दाढ निघाली. ती जागा अजून रिकामी आहे, जीभ तिथे जाते.

ते रक्त, चिमटा, ट्रेमधला खणखणाट हे सगळं कालांतराने पुसट झालं पण "दुखूच शकत नाही" हे वाक्य नाही गेलं. मला दुखतंय आणि माझ्यावर वाकलेला माणूस सांगतोय की दुखत नाहीये, आणि तोंड उघडं असल्यामुळे मला "आ आ" शिवाय काही बोलता येत नाही. मी तीन वेळा सिझेरियनच्या टेबलावर... नाही, दोनदाच, तिसरं ऑपरेशन अपेंडिक्सचं, तर ते सगळं निमूट केलेलं आहे, सुईची मला भीती नाही, रक्ताची नाही. म्हणून लोक म्हणायचे तू आणि दातांच्या डॉक्टरला घाबरतेस? मलाही ते सांगता यायचं नाही.

असो. तर यावेळी पेनकिलर दोन तासही पुरेना, चहा डावीकडून, पाणी डावीकडून, भाकरी बंद, नुसता मऊ भात, आणि एका सकाळी गाल जरा वर आलेला दिसला. गाल बघितला आणि मी घाबरले, कारण तो गाल मी आधी बघितला होता. थोरल्या जाऊबाईंना फोन केला, त्या सांगलीत असतात, त्यांनी त्यांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला आणि वर म्हणाल्या, "तू फोनवरच सांग तुला भीती वाटते म्हणून. लाजायचं काय त्यात."

मी सांगितलं. म्हटलं मला खूप भीती वाटते, पहिल्या दिवशी काही न करता नुसतं बोलायला आले तर चालेल का. पलीकडून "चालेल की, या" एवढंच उत्तर आलं, जणू रोज कुणीतरी हेच विचारतं. (आणि विचारतातच, नंतर मॅडम म्हणाल्या.)

गेले तर त्यांनी मला त्या मोठ्या खुर्चीत बसवलंच नाही, टेबलाच्या पलीकडच्या साध्या खुर्चीवर बसवलं. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. लहानपणीची गोष्ट मी सांगितली, अर्ध्यात रडू आलं, त्यांनी टिश्यूचा डबा सरकवला आणि मग जे सांगितलं ते मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. दातांसाठी जी भूल देतात ती लिग्नोकेन, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये शोधलेलं औषध, उत्तम औषध, पण जिथे पू झालाय, सूज आहे तिथली जागा आम्लधर्मी झालेली असते आणि अशा जागी हे औषध नसेच्या आत नीट शिरत नाही. म्हणजे इंजेक्शन देऊनही दुखू शकतं. "तेव्हा तुम्हाला दुखलंच असणार ताई," त्या म्हणाल्या.

मी घरी येताना रिक्षात हे वाक्य घोळवत होते. माझं मलाच कित्येकदा वाटून गेलं होतं की आपण तेव्हा खरंच नाटक केलं की काय.

त्या दिवशी एक्सरे तेवढा काढला, एक छोटी पट्टी तोंडात धरायची आणि लगेच कॉम्प्युटरवर दाढ दिसते, भलीमोठी. कीड आतल्या नसेपर्यंत गेलेली, मुळाच्या टोकाशी काळी सावली. दाढ वाचेल, रूट कॅनल करावं लागेल. सूज होती म्हणून आधी आतला दाब मोकळा करायचा, मग सूज उतरली की पुढचं काम, असं ठरलं. बीपी, शुगर, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, कसली अॅलर्जी, सगळं विचारून लिहून घेतलं. आणि शेवटी त्यांनी तो हाताचा करार केला.

करार असा की काम चालू असताना मी डावा हात वर केला की त्या थांबणार. कारण विचारणार नाहीत, "एकच मिनिट", "झालंच आता" म्हणणार नाहीत, आधी हात बाहेर काढणार आणि मग बोलायचं. माझ्या मनात आलं, म्हणायला काय जातंय.

म्हणून खुर्चीत बसल्यावर मी त्यांची परीक्षाच घेतली. त्यांनी नुसता आरसा तोंडात घातला होता, काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, मी मुद्दाम हात वर केला. आरसा लगेच बाहेर. त्या मागे सरकून बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं काही नाही, सहज. तर त्या हसल्या, "अजून एकदा बघायचंय?" मी खरंच अजून एकदा केलं. त्यानंतर खांदे जे खाली आले ते मला जाणवले, तोवर ते कानापाशी होते हेच माहीत नव्हतं.

इंजेक्शनचं सांगते कारण सगळे त्यालाच घाबरतात. आधी हिरडीवर जेलचा बोळा ठेवतात, चव कडवट गोड, घाण. मग सुई, ती टोचल्यापेक्षा औषध आत ढकलताना जो ताण येतो तो दुखतो, म्हणून चांगले डॉक्टर ते अगदी सावकाश ढकलतात. खालच्या दाढेला जबड्याच्या मागच्या बाजूला देतात कारण तिथून त्या बाजूच्या सगळ्या खालच्या दातांची नस जाते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं, यात अॅड्रिनलिन असतं, भूल जास्त वेळ टिकावी म्हणून, त्याने दोन-चार मिनिटं छाती धडधडेल, ते औषधाने होतंय. आणि धडधडलीच! न सांगता धडधडली असती तर मी चपला घालून पळाले असते. मग ओठाला मुंग्या, मग अर्धा ओठ आणि अर्धी जीभ दुसऱ्याच कुणाची तरी.

तो आवाज मात्र आहेच, त्याला इलाज नाही. एअरोटर म्हणतात त्याला, हवेच्या दाबाने फिरतो, मिनिटाला तीन-चार लाख फेरे. १९५०च्या दशकाच्या शेवटी शेवटी ही यंत्रं आली, त्याआधी पट्ट्यावर फिरणारे हळू ड्रिल असायचे आणि सगळं डोकं हलायचं म्हणे. म्हणजे ज्या किंचाळीला आपण घाबरतो तिच्यामुळेच काम चटकन होतं, हे डोक्याला पटतं, कानाला पटत नाही. मी इअरफोन लावून कीर्तन ऐकलं. गाणी नको, गाणं संपलं की मधली शांतता फार वाईट, कीर्तनकार थांबत नाहीत.

दाढेभोवती निळ्या रबराची शीट ताणून बसवली, पाणी आणि औषध घशात जायचं भय त्याने संपलं, माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली. मग बारीक बारीक सुयांसारख्या फाइली, प्रत्येकीची मूठ वेगळ्या रंगाची, पांढरी, पिवळी, लाल, निळी, रंगावरून जाडी कळते, शिवणकामाच्या डब्यासारखा तो ट्रे बघण्यात माझा वेळ चांगला गेला. खालच्या दाढेला मुळं दोन पण आतल्या नळ्या बहुतेकदा तीन, प्रत्येक नळी टोकापर्यंत साफ करायची आणि टोक आलं की एक मशीन टीं टीं करतं. मध्ये मध्ये धुण्याला जे औषध वापरतात त्याचा वास थेट पोहण्याच्या तलावाचा. एकदा, एका नळीत, झणकन कळ आली. हात वर. थांबल्या. अजून थोडी भूल आतच दिली, वाट बघितली, "आता?" विचारलं. अख्ख्या उपचारात खरं दुखलं ते तेवढंच, आणि ते दुखलं म्हणून कुणी मला खोटं पाडलं नाही.

पुढच्या वेळी नळ्या भरल्या, गुलाबी काड्यांनी, गटापर्चा, झाडाच्या चिकापासून होणारा. नंतर कॅप. कॅप टाळू नका, इतकी पोखरलेली दाढ नुसती ठेवली तर एखाद्या दिवशी चिक्कीच्या तुकड्यावर उभी चिरते आणि मग काढावीच लागते. सगळं मिळून दहा-बारा हजारांच्या घरात गेलं. मेडिक्लेम बहुतेक पॉलिसींत दातांना मिळत नाही, अपघात असेल तरच. ज्यांना जड जातं त्यांनी डेंटल कॉलेजात जावं, खर्च पुष्कळ कमी होतो, वेळ जास्त लागतो, शिकणारी मुलं काम करतात पण वर सर लोक तपासत असतात.

हल्ली बाहेर पाट्या असतात ना, "वेदनारहित उपचार", त्या बघून मी तरी कुणाकडे जाणार नाही. दुखणारच नाही असं छातीठोक सांगणाराच मला नको, त्याच वाक्याने माझी वाट लावली. फोनवर सरळ विचारा, मी हात वर केला तर थांबाल का. उत्तर द्यायला जो अडखळेल तिथे जाऊ नका. काही ठिकाणी लाफिंग गॅसही असतो, हॉरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ मध्ये स्वतःचाच दात त्या गॅसवर काढून घेतला होता, तेव्हापासून तो आहे. फारच भीती असेल तर तेही विचारून ठेवावं, आमच्या मॅडमकडे नव्हता. आणि अपॉइंटमेंट सकाळची घ्या, दिवसभर मनात दळण चालू राहिलं की संध्याकाळपर्यंत माणूस निम्मा होतो.

भीती गेली का, तर नाही. परवा जिन्यात तो लवंगेचा वास आला आणि पाय जड झालेच. फरक एवढाच की मी जिना चढले.

आणि आता एक्सरेत वर डावीकडे अजून एक बारकी कीड दिसलीय, नुसतं फिलिंग आहे, सासूबाईंना वरची आहे हे सांगितलेलं नाही. सकाळची वेळ मिळाली नाही म्हणून आज सहाची घेतलीय, त्याआधी जेवून घ्यायचंय कारण नंतर दोन-तीन तास गाल बधिर असतो आणि त्यात खायला बसलं की आपलाच गाल चावला जातो. नवरा सोबत येतो म्हणाला, मी म्हटलं नको, तू कुकर लाव.