टर्कीच्या मागावर, बंदुकीविना

पहाटे पावणेसहाला गाडी चढावरच्या रस्त्याच्या कडेला लावायची, दार हळूच ढकलून बंद करायचं आणि नुसतं उभं राहायचं. बोलायचं नाही. मार्च संपत आला तरी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात त्या वेळी गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं असतं. आधी कुठल्यातरी झुडपातून कार्डिनल पक्षी शीळ घालतो, मग खालच्या ओलसर कुरणातून सँडहिल क्रेन नावाचे क्रौंच ओरडतात. पूर्वेला जरा फटफटलं, की समोरच्या डोंगरधारेवरून घशातच खळखळल्यासारखा एक दमदार आवाज येतो आणि लगेच त्याला दुसरा उत्तर देतो. टर्की हा कोंबडीच्या कुळातला इथला मोठा रानपक्षी. त्याचा नर रात्रभर बसलेल्या झाडावरूनच, खाली उतरायच्या आधी ओरडतो. वारा नसेल तर हे ओरडणं एक-दीड किलोमीटरवरून सहज ऐकू येतं. मावशी बोटाने दिशा दाखवते आणि मी वहीत लिहिते: ६ वाजून १८ मिनिटं, दोन नर, ओकच्या धारेवर, बहुधा कुंपणापलीकडे.

मावशी म्हणजे माझी घरमालकीण. वय सत्तरीपुढचं, आयुष्यभर गाईंच्या धारा काढलेले हात. हाक मी तिला नावानेच मारते, इथे तशीच रीत आहे, पण मनात ती मावशीच. नोकरी ला क्रॉस शहरात असली तरी मी राहते व्हर्नन काउंटीत, व्हिरोक्वा गावाबाहेर, तिच्या जुन्या डेअरी फार्मवरच्या घरात. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या या भागावरून गेल्याच नाहीत, म्हणून इथली जमीन सपाट झाली नाही. उंच धारा आणि त्यांच्यामध्ये खोल, चिंचोळ्या दऱ्या. त्या दऱ्यांना इथे 'कूली' म्हणतात. उतारांवरची शेती आडव्या पट्ट्यांनी केलेली, एक पट्टा मक्याचा, एक अल्फाल्फाचा, म्हणजे लसूणघासाचा. १९३३ साली शेजारच्या कून व्हॅलीत या देशातला पहिला पाणलोट मृदसंधारणाचा प्रकल्प उभा राहिला, त्यातून ही पद्धत इथे रुजली. आपल्याकडचे समतल बांध पाहिलेल्या माणसाला हे पट्टे पाहून लगेच ओळख पटते. टर्कीलाही हे सोयीचं. रात्री झाडावर, सकाळी मक्याच्या खुंटांत दाणे वेचायला, दुपारी सावलीला पुन्हा रानात.

मावशी दर वसंतात टर्कीची शिकार करते. हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि त्याचे सहा आठवडे पाडलेले असतात. ज्या आठवड्याचा परवाना मिळेल, ते सात दिवस आपले. यंदा तिला तिसरा आठवडा मिळाला, म्हणजे आमच्या हातात जवळपास पाच आठवडे होते. या आधीच्या हिंडण्याला इथे 'स्काउटिंग' म्हणतात. मी त्याला माग काढणं म्हणते. मी अमरावतीची. कॉलेजात असताना दोन बुद्धपौर्णिमा मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना केली होती. रात्रभर न बोलता, न खोकता. मावशीला ते सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "मग पहाटे उठशील?"

पहिले दोन आठवडे तिने मला जमिनीकडे बघायला शिकवलं. टर्की पालापाचोळा पायाने उकरून मागे फेकते, त्यामुळे पाला कुठल्या बाजूला साचलाय यावरून थवा कुठे चालला होता ते कळतं. खालची माती ओली आणि काळी असेल तर उकरणं आजचं, सुकून फिकी पडली असेल तर जुनं. खार उकरते तेव्हा छोटा, एकेकटा खड्डा असतो. टर्कीचा थवा गेला की अख्खा उतार नांगरल्यासारखा दिसतो. विष्ठेवरून नर-मादी ओळखता येते हे मला माहीत नव्हतं: नराची लांबट आणि टोकाला वळलेली, इंग्रजी जे अक्षरासारखी, मादीची गुंडाळी झालेला गोळा. छातीचं गळलेलं पीस काळ्या टोकाचं असलं तर नराचं, तपकिरी टोकाचं असलं तर मादीचं. नराच्या ठशात मधलं बोट चांगलंच लांब उमटतं. आणि सगळ्यात सुंदर खूण कच्च्या रस्त्याच्या धुळीत सापडली. मधे पावलं आणि दोन्ही बाजूंना बारीक समांतर ओरखडे. नर पिसारा फुलवून पंख खाली टेकवत चालला, की पंखांची टोकं जमिनीवर अशा रेघा ओढतात. मी तिथे उकिडवी बसून बराच वेळ त्या रेघांकडे बघत होते.

प्रत्यक्ष तो नाच पाहिला एप्रिलच्या पहिल्या रविवारी, गाडीतून, दुर्बिणीने. शेपटीचा पंखा उभा, अंगाची पिसं फुगून देह दुप्पट, आणि डोकं बघता बघता लाल, पांढरं, निळं होणारं. छातीतून केसांच्या झुपक्यासारखी दाढी लोंबते. ती दहा इंचांच्या आसपास असेल तर पक्ष्याने दोन-तीन वर्षं पाहिलेली असतात. वर्षभराच्या पोरसवदा नराला इथे 'जेक' म्हणतात. त्याची दाढी आखूड, आणि पंखा उघडला की मधली पिसं इतरांपेक्षा लांब दिसतात. काही माद्यांनाही दाढी असते. नियमाप्रमाणे दाढी असलेली मादी मारलेली चालते, पण मावशी ती कधीच घेत नाही. मला तिचं हे फार पटतं.

रंग बदलणारं ते डोकं पाहून मला जहांगीर आठवला. त्याच्या दरबारातल्या मुकर्रब खानाने १६१२ मध्ये गोव्याच्या बंदरातून बादशहासाठी जे नवलाचे प्राणी नेले, त्यांत टर्कीही होता. पोर्तुगिजांनी तो अमेरिकेकडून आणलेला. बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्या मोरासारख्या फुलण्याबद्दल आणि सरड्यासारख्या रंग बदलणाऱ्या मानेबद्दल अगदी बारकाईने लिहून ठेवलंय, आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्रही काढून घेतलं. ते चित्र आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे हा पक्षी आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वी उतरला होता. पोर्तुगीज भाषेत त्याचं नाव 'पेरू'. मावशीला मी हे सगळं गाडीत सांगितलं. तिने गोवा कुठे आहे ते फोनवर शोधून नीट पाहून घेतलं.

मग तिने मला तिच्याकडची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीपासून मी या कामाकडे वेगळ्या नजरेने बघते. आम्ही ज्या धारांवर ऐकत उभ्या राहतो, तिथे तिच्या लहानपणी एकही टर्की नव्हती. शेतीसाठी ओकची जंगलं तोडली गेली, शिकारीला धरबंध नव्हता. १८८१ नंतर विस्कॉन्सिनमधून हा पक्षी संपलाच. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते तगले नाहीत. त्यांना रान माहीतच नव्हतं. शेवटी मिझुरी राज्याशी करार झाला: तिकडून रानात जाळ्याने पकडलेले टर्की यायचे, बदल्यात इकडून रफ्ड ग्राउस नावाचे पक्षी जायचे. १९७६ मध्ये पहिले २९ टर्की सोडले, ते याच व्हर्नन काउंटीत. १९८३ मध्ये पहिला वासंतिक हंगाम झाला, आणि आज राज्याच्या ७२ही काउंट्यांमध्ये टर्की आहे. अशा कामाला लागणाऱ्या पैशाचा मोठा वाटा शिकाऱ्यांकडूनच येतो. परवान्याचं शुल्क तर आहेच, शिवाय बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्याप्रमाणे वन्यजीवांसाठी राज्यांना दिला जातो.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण शेवटी मारायलाच शोधताय ना गं तुम्ही?" आमच्या घरात शिकार या शब्दाला जागाच नव्हती, आणि आपल्याकडच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या माझ्या पिढीला ती गुन्हा म्हणूनच माहीत. मी त्यांना म्हटलं, हो बाबा, मारायलाच. पण फक्त नर, तोही परवान्यावर एकच, आणि तो कुठल्या झाडावर झोपतो, किती वाजता उतरतो, कुठल्या माद्यांमागे जातो हे पाच आठवडे बघून मग. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, म्हणून काही नर कमी झाले तरी पिलांवर परिणाम होत नाही, असा इथला हिशेब आहे. मी स्वतः बंदूक हातात घेतलेली नाही, घेणारही नाही. पण मावशीला मी चुकीचं म्हणू शकत नाही. या धारेवर कोण जगतंय हे तिच्याइतकं नेमकं सांगणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

माग काढताना तिचा एक नियम कडक आहे. मादीचा आवाज काढायची लाकडी पेटी हंगामापर्यंत घरीच. आधीच ती वाजवून नराला दोनदा फसवलं, तर तिसऱ्यांदा तो येत नाही. नर कुठे बसलाय हे कळायला घुबडाचा आवाज पुरतो. संध्याकाळी मावशी दोन्ही तळवे तोंडाशी धरून बार्ड घुबडासारखं घुमते, आणि अचानक आलेल्या त्या आवाजावर नर बसल्या जागेवरून ओरडून मोकळा होतो. त्याला स्वतःला आवरताच येत नाही.

एक चूक माझ्याकडून झाली. एप्रिलच्या मध्यावर, एकटी असताना, थवा नीट दिसावा म्हणून मी शेताच्या कडेने धारेच्या माथ्यापर्यंत चालत गेले. आकाशाच्या पार्श्वभूमीवर माझी आकृती उठून दिसली असणार. टर्कीची नजर विलक्षण तीक्ष्ण. मी दुर्बीण उचलायच्या आत सगळा थवा पळत रानात शिरला होता. पुढच्या दोन पहाटे ती धार मुकी राहिली. मावशी रागावली नाही. तिने वहीत त्या दोन दिवसांपुढेही वेळ लिहायला लावली आणि पुढे 'शांत' असं लिहायला सांगितलं.

इथली बहुतेक जमीन खाजगी, त्यामुळे कुंपणापलीकडे पाऊल टाकायचं तर मालकाला विचारायलाच हवं. पलीकडचा शेतकरी आमिश, म्हणजे आधुनिक यंत्रं टाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. त्याच्याकडे फोन नाही, म्हणून शनिवारी दुपारी आम्ही अंगणात जाऊन उभ्या राहिलो. तो घोड्यांची जोडी सोडत होता. फाटक लावून घ्या, एवढीच त्याची अट. निघताना त्याने आपणहून सांगितलं, की रोज दहाच्या सुमाराला दोन मोठे नर त्याच्या ओटच्या शेताकडे एकटेच येतात. मावशीचे डोळे चमकले. या दिवसांत माद्या सकाळी उशिरा अंडी घालायला निघून जातात आणि एकटे पडलेले नर त्यांना शोधत फिरतात. आमच्या चार आठवड्यांच्या वहीत नेमकी ती दहाची वेळ कोरी होती, कारण तोवर मी कामावर पोचलेली असायचे.

रोज घरी आल्यावर गुडघ्यांमागे, कानांमागे, केसांत गोचीड बघायची, हे मात्र चुकवायचं नाही. इथल्या हरणांवरच्या गोचिडीतून लाइम आजार होतो.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मावशी बसायची जागा ठरवायला निघाली. तिच्या मनात एक जुना रुंद ओक होता, पाठ टेकायला उत्तम, समोर ओटचं शेत. त्याच्या अलीकडे चाळीसेक पावलांवर पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी मला पाल्यात काहीतरी फिकट दिसलं. नऊ अंडी, पिवळसर, बारीक ठिपक्यांची. मादी जवळपास नव्हती, म्हणजे अजून घालतेय, बसायला सुरुवात झाली नव्हती. दहा-बारा झाली की ती अठ्ठावीस दिवस बसणार. या काळात कोणी फार जवळ वावरलं तर ती घरटं सोडून देऊ शकते. मावशीने माझ्या बाहीला धरून मागे ओढलं आणि आम्ही आल्या वाटेनेच परत फिरलो. ओक बाद झाला. दुसरी जागा शोधायला आणखी दोन तास गेले. ती खालच्या अंगाला आहे, पाठीला हिकरीचं बारीक खोड, आणि शेत अर्धंच दिसतं.

काल संध्याकाळी शेवटची फेरी. आठनंतर सूर्य धारेआड गेला. आम्ही कुंपणाशी बसून होतो. बराच वेळ फक्त बेडूक. मग रानातून पंखांचा जड फडफडाट आला, फांद्यांवर धडपडत स्थिरावल्याचा आवाज, आणि पुन्हा एकदा. जरा थांबून तिसरा. मावशी घुबडासारखी घुमली. वरच्या ओकवरून दोघांनी उत्तर दिलं, तिसरा गप्प राहिला. विजेरी न लावता आम्ही शेताच्या कडेकडेने परत आलो.

स्वयंपाकघरात मी वहीतलं शेवटचं पान फाडून तिला दिलं: धार, ओक, ओटचं शेत, हिकरी, आणि पडलेल्या बुंध्याभोवती लाल पेनाने काढलेलं मोठं वर्तुळ. तिने त्याची घडी करून परवान्यासोबत जॅकेटच्या खिशात ठेवली आणि गजर साडेतीनचा लावला.