सासूबाईंच्या जागेवरची वारी

लोणंदच्या तळावर दिंडीच्या वहीत माझे नाव नव्हते. होते ते सासूबाईंचे. २९ वर्षे त्या या दिंडीबरोबर चालल्या. यंदा गुडघ्यांनी साथ सोडली, तरी वारी खंडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाने भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाची वर्गणी, भरली आणि मला वाईहून धाडले. दिंडीचालकांनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिले.

"माळ न्हाई?"

"नाही."

त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली. "आक्कांची जागा हाय ती. टाळकऱ्यांच्या मागं, तुळशीच्या डाव्या हाताला. तिथनंच चाला, रांग सोडू नका."

मी निवृत्त गणितशिक्षिका आहे. माझी भक्ती म्हणजे पहाटे कृष्णेच्या घाटावर दहा मिनिटे डोळे मिटून बसणे. ढोल्या गणपतीला हात जोडते, पण कोणत्याही मंडळाची, संप्रदायाची मी सभासद नाही. देव आणि मी यांच्यामध्ये वही, नंबर, रांग आणि भिशी कशाला हवी, असा प्रश्न मी सासूबाईंना अनेकदा विचारला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर कधीच दिले नव्हते. खरे सांगायचे तर दिंडीबाहेरून आपापल्या लयीत चालणाऱ्या मोकळ्या समाजात मिसळावे, असेच मी मनाशी ठरवून आले होते. माझा तो बेत रांगेतल्या त्या जागेने मोडला.

ज्या शिस्तीवर मी चिडत होते, ती आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाची देणगी आहे, ही गोष्ट मला चालता चालता नव्याने जाणवली. पालखीत पादुका घेऊन पंढरपूरला जाण्याची प्रथा तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५मध्ये सुरू केली. पण ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्याला आजचे स्वतंत्र रूप दिले ते आरफळच्या हैबतबाबांनी, १८३२च्या सुमारास. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. म्हणून रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे ठरलेले क्रम, शिस्त राखणारे चोपदार, कर्णा, अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे हा सगळा थाट लष्करी तळाची आठवण करून देतो. लढाईची शिस्त भजनाला लावावी हे त्यांना कसे सुचले असेल, याचे मला अजूनही नवल वाटते.

त्या शिस्तीचा अर्थ मला समाजआरतीच्या वेळी दिसला. पालखी तळावर आली, भोवती साऱ्या दिंड्या उभ्या राहिल्या आणि टाळमृदंगांचा असा कल्लोळ चालला होता की शेजारणीचे बोलणे ऐकू येत नव्हते. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंच धरला आणि एवढा मोठा समाज एकदम गप्प झाला. पण गप्प झाली नाही ती आमची दिंडी. आमचे टाळ वाजतच राहिले. मला आधी लाज वाटली, आपल्याच माणसांना भान कसे नाही असे वाटले, मग पुढच्या बाईने मान वळवून हळूच सांगितले, "तक्रार हाय आपली. दोन दिस पान्याचा टँकर आला न्हाई." ज्या दिंडीची तक्रार असेल तिने टाळ थांबवायचे नाहीत, ही रीतच आहे. चोपदार आमच्यापाशी आले, त्यांनी चालकांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि व्यवस्था लावून देण्याचा शब्द दिला. तेव्हा कुठे टाळ थांबले. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या गेल्या, दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ सांगितली गेली, आणि मगच आरती झाली. एका दिंडीचे गाऱ्हाणे ऐकून होईपर्यंत माउलींची आरती खोळंबते, ही गोष्ट घाटावर एकटीने बसून मला कधीच कळली नसती. कारण तेथे गाऱ्हाणे माझेच असते आणि ऐकणारीही मीच.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण झाले. दोन्ही बाजूंना वारकरी, मधून दोन अश्व, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसऱ्याच्या पाठीवर माउली आहेत या भावनेने रिकामे ठेवलेले खोगीर. लोक टापांखालची माती कपाळाला लावत होते, रडत होते. मला काहीच झाले नाही. माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तरडगाव अजून किती लांब, एवढाच विचार डोक्यात होता.

झाले ते त्यापुढच्या दिवशी, तरडगावहून फलटणला जाताना, साधारण २१ किलोमीटरच्या त्या लांब चालीत. दुपारी ऊन चढले, पायाला फोड आले आणि माझी ती दहा मिनिटांची भक्ती कोठल्या कोठे गेली. पण भजन थांबले नाही, कारण ते कोणाच्या इच्छेवर अवलंबून नव्हते. आठवड्याच्या कोणत्या वारी कोणते अभंग, त्यांचा क्रम कोणता, हे ठरलेले असते. वीणेकऱ्याने चाल धरली की मागच्यांनी ती उचलायची. मला गावेसे वाटत नव्हते, तरी ओठ हलत होते, पाय टाळांबरोबर पडत होते, आणि केव्हातरी ध्यानात आले की गेला तासभर मी स्वतःविषयी काहीही विचार केलेला नाही. याला अनुभूती म्हणावे की निव्वळ थकवा, हे मी ठरवणार नाही.

फलटणमध्ये एका महानुभाव कुटुंबाने आम्हांला पाणी दिले. फलटण हे त्या पंथाची दक्षिणकाशी. चक्रधर स्वामींच्या या पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले, आणि वारकऱ्यांनी आपले सारे भर रस्त्यात गाऊन टाकले. दोघांनाही राखायचे होते ते आपले श्रद्धेचे धनच. पण संघटना म्हटली की दार आले, आणि दार आले की ते कोणावर तरी बंद होणे आले, हा विचार त्या ओसरीवर आला तो पुढे सुटला नाही. पंढरपुरात तो बोचला. दर्शनबारीची लांबी पाहून मी कळसाला हात जोडले. समोर, महाद्वारातल्या नामदेव पायरीजवळ चोखोबांची, संत चोखामेळ्यांची, समाधी होती. ज्यांचे अभंग वाटभर गायले त्यांना हयातीत देवळात प्रवेश नव्हता, आणि त्यांच्या समाजासाठी ते दार उघडायला साने गुरुजींचे उपोषण आणि १९४७ साल उजाडावे लागले. त्या सगळ्या शतकांत त्या गाऱ्हाण्यासाठी किती टाळ वाजत राहिले असतील आणि किती चोपदार न ऐकता पुढे गेले असतील, हे मला लोणंदच्या त्या संध्याकाळीमुळेच विचारता आले.

घरी परतले तेव्हा सासूबाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या आणि वाकू लागल्या. मी दचकून मागे सरले. "आई, हे काय करता?"

"तुझ्या न्हाई गं, वारीच्या पाया पडतीय. नीट उभी ऱ्हा."

मी उभी राहिले. त्यांनी पायांना हात लावला, माझ्या हातातला बुक्का कपाळी लावून घेतला आणि खुर्चीत टेकताच विचारले, "टँकरचं काय झालं? टाळ लगेच तर थांबवले न्हाईत ना?"