कोल्हापूरचा ध्वनिसंग्रह, प्रगती-नोंद: ‘घंटा’ शोधली की ‘घाट’ का येत होता

फाइल्सच्या नोंदींचा डेटाबेस एसक्यूलाइट या प्रणालीचा, शोध तिच्यातल्या एफटीएस५ या मजकूर शोधणाऱ्या भागाचा. फाइलची नावं यूसीएस या आवाजांच्या ठरलेल्या श्रेणी देणाऱ्या पद्धतीनं, रोमनमध्येच: आधी श्रेणीचा कोड, मग आवाजाचं नाव, रेकॉर्ड करणाऱ्याची आद्याक्षरं आणि शेवटी संग्रहाची खूण. देवळातली मोठी घंटा ‘बेल्स–लार्ज’मध्ये, पत्र्यावरचा पाऊस ‘रेन–मेटल’मध्ये सहज बसतो. गुऱ्हाळाला तिथं स्वतंत्र घर नाही. म्हणून चरकाची घरघर यंत्रांत, काहिलीतल्या रसाची रटरट स्वयंपाकात, आणि मराठी शब्दांच्या रकान्यात दोन्हीकडे ‘गुऱ्हाळ’.

खरी अडचण याच रकान्यात होती. ‘घंटा’ शोधली की पंचगंगा घाटावरच्या सगळ्या फाइल्स यायच्या. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग), युनिकोड६१, अक्षरं आणि अंक तेवढे शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही त्याच्या लेखी शब्द तोडणारी चिन्हं. त्यामुळे ‘घंटा’चे उरतात घ आणि ट, ‘घाट’चेही तेच. टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात मुळातले एल* (अक्षरं), एन* (अंक) आणि सीओ (खासगी वापराची चिन्हं) हे युनिकोडचे वर्ग ठेवून एमएन व एमसी हे काना-मात्रांसारख्या चिन्हांचे दोन वर्ग जोडले की शब्द अखंड राहतो. पर्याय बदलल्यावर जुना इंडेक्स चालत नाही. तो टेबल काढून नव्यानं बांधावा, पुन्हा भरावा.

सलग तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणारा ट्रायग्रॅम टोकनायझरही करून पाहिला. तीन चिन्हांपेक्षा लहान शब्द त्याला सापडत नाही, म्हणजे ‘ऊस’ गेला. कोल्हापूरच्या संग्रहात हे चालणार नाही.

एवढं करूनही ‘गुऱ्हाळ’ अर्धंच सापडत होतं, कारण ‘ऱ’ तीन तऱ्हांनी लिहिला जातो: एकसंध अक्षर, र आणि नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पहिले दोन एनएफसी (युनिकोडचं एकरूपीकरण) केल्यावर एक होतात. तिसरा होत नाही. तो स्वतंत्रपणे बदलावा लागतो. ही सफाई साठवताना करावी तशीच शोधशब्दावरही करावी, नाहीतर फुकट.

सामान्यरूपाचा प्रश्न साधेपणानं सोडवला. ‘घंटेचा’ लिहिलेलं ‘घंटा’ला सापडत नाही, म्हणून या रकान्यात शब्द मूळ रूपातच: घंटा, हलगी, काहील. वाक्यातलं वर्णन वेगळ्या रकान्यात.

मराठी मजकूर वेव्ह फाइलच्या बेक्स्ट (फाइलमधला माहितीचा एक भाग) वर्णनात घालू नका. तिथं २५६ आस्की अक्षरांचीच सोय आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, त्यामुळे ८५ चिन्हांपुढे मजकूर तुटतो, आणि वाचणारं सॉफ्टवेअर तो नीट दाखवेलच असं नाही. आयएक्सएमएल या फाइलमधल्याच दुसऱ्या माहिती-भागात घाला.

दुहेरी फाइल्स ओळखायला हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) फक्त ‘डेटा’ चंकचा, म्हणजे फाइलमधल्या प्रत्यक्ष आवाजाच्या भागाचा काढावा. अख्ख्या फाइलचा काढला तर वर्णनातला एक शब्द बदलताच तीच फाइल नवी ठरते.

राहिलंय: रंकाळ्यावरच्या लांब रेकॉर्डिंगचे तुकडे, आणि हलगी-घुमक्याच्या फाइल्सना ताल व अंतर यांचे दोन रकाने.